शेख सरांची फुली

शेख सर, गेल्या रविवारच्या सराव पेपरची उत्तरतालिका चुकली. एकेचाळिसावा प्रश्न. मिश्रणाचाच होता. तिसरा पर्याय बरोबर होता आणि मी दुसरा छापून मोकळी झाले. नऊ वाजता क्लासच्या ग्रुपवर तालिका टाकली आणि सव्वानऊपर्यंत सतरा पोरांनी मला कळवलं की मॅडम, तुमचं चुकलंय. त्यातल्या चौघांनी हसरे चेहरे पाठवले. नऊ वर्षांत हे पहिल्यांदा झालं, आणि मला वाईट वाटायच्याही आधी कंटाळा आला. दुरुस्ती टाकायची, त्याखाली सॉरी लिहायचं, मालकांचा फोन घ्यायचा. सगळं केलं, आणि मग अंथरुणावर पडून राहिले.

तुम्ही असताना हे होणं शक्य नव्हतं, कारण आपण शनिवार पाळायचो. नाशिकला इंदिरानगरातल्या त्या दोन खोल्यांच्या क्लासच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुम्ही, आणि पेपर एकच. मी प्रत्येक गणित पूर्ण मांडून सोडवायचं, तुम्ही तुमच्या ट्रिकने, आणि एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. शेवटी तुम्ही पर्याय वाचत जायचात आणि मी टिक करत जायची. जिथे दोघांचं जुळलं नाही तिथे थांबायचं आणि भांडायचं. तुमचा पेपर अर्ध्या तासात संपायचा. मग बिनसाखरेचा चहा घेऊन तुम्ही माझ्याकडे बघत बसायचात. रोज मनमाडहून गाडीने येणारा माणूस तुम्ही, तुमची चेष्टासुद्धा रुळांवरूनच चालायची. मी पंचविसाव्या गणितात अडकलेली असले की विचारायचात, "मॅडम, निफाड आलं का?" म्हणजे, अर्धी वाट तरी झाली का.

आता दोन्ही कामं मीच करते. आधी मांडून सोडवते, मग कागद उलटा करून तेच गणित ट्रिकने करून बघते. पण डोकं एकच आहे हो, सर. पहिल्यांदा प्रश्न चुकीचा वाचला की दुसऱ्यांदाही ते तसाच वाचतं, आणि दोन्ही उत्तरं छान जुळतात.

मालकांनी ऑफिसात तुमचा फोटो लावलाय. पहिल्या दिवशी त्याला झेंडूचा हार घातला होता. भाभी कधी आल्या तर त्यांना बरं वाटणार नाही म्हणून मी दुसऱ्या दिवशी तो काढून ठेवला. मालक म्हणाले, अहो पण फोटो ओका ओका दिसतो. मी म्हटलं, दिसू दे. तुम्ही असतात तर त्यांना हार परत घालू दिला असतात आणि मागून माझ्याकडे बघून हसला असतात. मला तेवढा धीर नाही. तुम्ही जाऊन सव्वीस दिवस झाले, आणि मला कुणाशी नीट बोलायचंही जिवावर येतंय.

आपलं भांडण मात्र जुनं. मी क्लासला आले त्याच आठवड्यात सुरू झालं. तुम्ही फळ्यावर वर साठ आणि पंच्याऐंशी लिहिले होते, मध्ये सत्तर. एका भांड्यातल्या मिश्रणात साठ टक्के दूध, दुसऱ्यात पंच्याऐंशी, दोन्ही मिसळून सत्तर टक्के हवं, तर किती प्रमाणात मिसळायचं. तुम्ही मधून दोन तिरक्या रेघा मारल्यात, झाली फुली. पंच्याऐंशीतून सत्तर गेले पंधरा, ते साठच्या खाली. सत्तरातून साठ गेले दहा, ते पंच्याऐंशीच्या खाली. पंधरास दहा, म्हणजे तीनास दोन. "पुढचं," असं म्हणून तुम्ही फळा पुसलासुद्धा. मी दारात उभी होते. गणितात एम.एस्सी. झालेली बाई, मला ते बघून अंगावर काटा आला. तास संपल्यावर मी विचारलं, की सर, वजाबाकी तिरकीच का करायची हे पोरांना सांगितलंत का? तुम्ही म्हणालात, सांगायला मिनिट लागतं मॅडम, आणि परीक्षेत एका गणिताला मिनिटसुद्धा मिळत नाही.

मग मी माझ्या तासाला तेच गणित घ्यायची. पहिल्या भांड्यातून एक्स, दुसऱ्यातून वाय. साठ एक्स अधिक पंच्याऐंशी वाय बरोबर सत्तर गुणिले दोघांची बेरीज. एक्स एकीकडे, वाय एकीकडे. पोरं कंटाळायची, जांभया द्यायची, पण मी एकेकाच्या वहीत बघायची की मांडलंय का. बाहेर तुम्ही तासाची वाट बघत उभे असायचात आणि घड्याळाकडे बोट दाखवायचात. ट्रिकने पोरं पोपट होतात, असं मी म्हणायची. मांडणीने पोरं म्हातारी होतात, असं तुम्ही. मी म्हणायची, पर्याय उलटा दिला की तुमचा पोपट तोंडावर पडेल. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. मधला आकडा ज्याच्या जवळ, ते भांडं जास्त. तेवढं एकदा बघून घेतलं की कुणी पडत नाही.

ही घाई तुमच्यात कुठून आली ते तुम्ही एकदाच सांगितलंत, तेही मी फार डोकं खाल्लं म्हणून. रेल्वेच्या घरात वाढलेले तुम्ही, वडील वर्कशॉपात फिटर, आणि तुम्हालाही रेल्वेतच जायचं होतं. वयाची अट संपेपर्यंत परीक्षा दिल्यात. शेवटच्या परीक्षेत घंटा झाली तेव्हा सहा प्रश्न उरले होते. "येत होते मॅडम, साही येत होते," म्हणालात आणि चष्मा पुसायला घेतलात. मीसुद्धा अनुदानित शाळेतल्या जागेची वाट बघता बघता चाळिशी ओलांडलेली. आपण दोघं ज्या दारातून आत जाऊ शकलो नाही, त्याच दारात उभं राहून पोरांना आत ढकलत होतो. तुम्ही म्हणायचात पळा, मी म्हणायची बघून चाला.

आता काजलचं. ते लिहायचं म्हणूनच बसले, आणि मघापासून टाळतेय.

काजल त्र्यंबकजवळच्या गावातली, तुम्हाला माहीतच आहे. वडील देवळाच्या रस्त्यावर बेल-फुलं विकतात, ही पहिल्या बसने येते, दुसऱ्या बाकावर बसते आणि डबा बसमध्येच खाऊन टाकते. लिपिकाच्या ऑनलाइन परीक्षेत ती अर्ध्या गुणाने गेली. अर्ध्या. नंतर उत्तरं बघायला मिळाली तेव्हा तिने फोन माझ्यासमोर धरला. साठ, पंच्याऐंशी, सत्तर. आकडेसुद्धा तेच, आपण फळ्यावर शंभरदा लिहिलेले. पहिल्या आणि दुसऱ्या भांड्याचं प्रमाण विचारलं होतं. उत्तर तीनास दोन. तिने निवडलं होतं दोनास तीन. कच्चं काम केलेला कागद परीक्षेच्या हॉलमध्येच जमा करून घेतात, त्यामुळे तिने ते कसं केलं हे फोनवर दिसत नव्हतं. पण मला बघायची गरजच वाटली नाही. फुलीत तिरकी वजाबाकी करायच्या ऐवजी घाईत सरळ केली की दोनास तीनच येतं. नऊ वर्षं मी हेच तर सांगत होते.

मी तिला काही विचारलं नाही. फोन तिच्या हातातून घेतला आणि ऑफिसात आले. दार उघडं होतं. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी वीसेक पोरं बाटल्या भरत उभी होती, मला दिसत होती. तरी मी आवाज खाली आणला नाही.

"सर, तुमच्या फुलीने पोरीची नोकरी घालवली."

बाहेरचं बोलणं थांबलं. तुम्ही फोन घेतलात, बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, दोनास तीन, हो, सरळ वजाबाकी केली तर हेच येतं. "माझं चुकलं असेल, मॅडम." एवढं म्हणून मार्कर उचललात आणि तासाला गेलात. मी खुर्चीत बसले. मला दम लागला होता आणि, खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं होतं.

गोष्ट दुपारपर्यंत अभ्यासिकांत पोचली. तिथे पोरं दिवस दिवस बसतात, त्यांना बोलायला काहीतरी लागतंच. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की शेख सरांची फुली टाकू नका, एकीची नोकरी गेली. मालकांनी ते काढून टाकलं, पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. पुढच्या आठवड्यात तुमच्या तुकडीतली तीन पोरं मिश्रणाच्या तासाला माझ्या वर्गात येऊन बसली. तुम्ही दारावरून जाताना त्यांना बघितलंत. तुम्ही फुलीच्या दोन्ही टोकांना 'पहिलं' आणि 'दुसरं' असं लिहायला लागलात, तेही माझ्या कानावर आलं. मी जिंकले असं मला वाटलं.

आणि तिसऱ्या शनिवारी तुम्ही चहा घेत विचारलंत, की मॅडम, दहा एक्स बरोबर पंधरा वाय आलं की पोरं पुढे काय करतात, कधी बघितलंय का? मी पेपरातून मान वर न करता म्हटलं, काय करणार, बरोबरच करतात, मांडलेलं असतं ना. तुम्ही "बरं" म्हणालात. त्या दिवशी निफाड आलं का ते विचारलं नाहीत.

पुढच्या गुरुवारी सकाळी मालकांचा फोन आला. तुम्ही गाडीसाठी निघाला होतात. बूट घातले होते. चहा ओतेपर्यंत दोन मिनिटं टेकतो म्हणून बसलात आणि तसेच कलंडलात. हे मला भाभींनी सांगितलं. मी आणि काजल मनमाडला पोचलो तेव्हा तुम्हाला घेऊन गेले होते. आम्ही आत बायकांमध्ये बसलो. भाभी रडत नव्हत्या, नुसत्या दमलेल्या दिसत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "गांगुर्डे मॅडम ना? रोज तुमचं बोलायचे. म्हणायचे, मॅडम नसत्या तर माझी पोरं फुल्याच मारत बसली असती." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

परतीला आम्ही बस धरली. चांदवड मागे पडलं. मग काजल खिडकीकडे बघतच म्हणाली, "मॅडम, मी फुली नव्हती टाकली."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय.

"त्या गणिताला. तुमच्यासारखं एक्स-वाय धरून मांडलं व्हतं. दहा एक्स बरोबर पंधरा वाय आलं, आन् मी तसंच दहास पंधरा करून टाकलं. लय घाई झाली व्हती. सरांना दुसऱ्याच दिवशी सांगितलं मी."

दहा एक्स बरोबर पंधरा वाय. म्हणजे एक्सला दहानेच गुणलं तरी तो पंधरापट वायएवढा भरतो, म्हणजे एक्स मोठा. प्रमाण पंधरास दहा. पण आकडे जसे समोर दिसतात तसे उचलले की होतं दहास पंधरा, दोनास तीन. फुली चुकली तरी दोनास तीन आणि माझी मांडणी शेवटच्या ओळीत घसरली तरी दोनास तीन. बाहेरून दोन्ही चुका अगदी एक दिसतात. मी एम.एस्सी. झालेली बाई, मला हे सुचलं नाही, कारण मला सुचायला नकोच होतं.

मी विचारलं, सर काय म्हणाले? ती सांगायला तयार होईना. शेवटी म्हणाली, "सर म्हणले, मॅडमला नको सांगू. त्या ओरडत्यात म्हणून तर पोरं दोन ओळी लिहित्यात. त्यांचा धीर सुटला, तर कुणीच लिहायचं नाय."

सर, मला तुमचा राग आला. तुम्हाला माती देऊन लोक परतले होते आणि मी बसमध्ये तुमच्यावर चिडले होते. हे ठरवणारे तुम्ही कोण? मी तुम्हाला चारचौघांत बोलले होते, तुम्हाला मला एकटीला गाठून सांगता आलं असतं. शनिवार होता, टेबल होतं, जिथे जुळत नाही तिथे थांबायचं हा तुमचाच नियम होता. तुम्ही एवढंच विचारलंत की पोरं पुढे काय करतात, आणि मी हुशारी दाखवल्यावर "बरं" म्हणून मोकळे झालात. अजून एकदा विचारायचंत. नऊ वर्षं माझ्याशी भांडलात, आणि नेमकं तेव्हा भांडायचं सोडलंत.

हा राग फार टिकला नाही, त्यालाही ताकद लागते. नाशिक येईपर्यंत मला दिसायला लागलं की माझी मांडणी तुम्हाला माझ्याहून जास्त मोलाची वाटत होती. मी तुमच्या फुलीला नऊ वर्षं नावं ठेवली आणि तुम्ही माझ्या एक्स-वायला सांभाळत बसलात, स्वतःच्या नावावर डाग घेऊन. एवढं कुणी माझ्यासाठी केलेलं नाही. हे मान्य करायलाही मला आठवडा लागला.

या सोमवारी मिश्रणाचा तास होता. तुमचा तास. दोन्ही तुकड्या एकत्र बसवल्या, दाटीवाटी झाली, मागे काही पोरं उभीच होती. मी फळ्यावर फक्त एक ओळ लिहिली, दहा एक्स बरोबर पंधरा वाय, आणि विचारलं की एक्सास वाय किती. पुढच्या बाकांवरून एका सुरात उत्तर आलं, दोनास तीन. ती सगळी माझी पोरं होती, मांडणीवाली. मागून तुमच्या तुकडीतला एक जण दबक्या आवाजात तीनास दोन म्हणाला.

मग मी तुमची फुली काढली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. एक रेघ जरा वाकडी गेली. तिरकी वजाबाकी का करायची ते सांगितलं. सत्तरपासून साठ दहाने कमी आहे, पंच्याऐंशी पंधराने जास्त आहे, कमी-जास्त फिटायला हवं, म्हणून पहिल्याचे पंधरा भाग आणि दुसऱ्याचे दहा. मिनिट लागेल म्हणाला होतात, अर्ध्या मिनिटात झालं. ही गोष्ट तुम्हाला सांगून चिडवायची फार इच्छा झाली.

त्यानंतर मार्कर खाली ठेवला आणि जे सांगायचं ते सांगितलं. म्हटलं, लिपिकाच्या परीक्षेत एकीचं जे गणित चुकलं ते शेख सरांच्या फुलीने नाही. ते मी शिकवलेल्या पद्धतीने सोडवलं होतं, आणि शेवटच्या ओळीत पोरं घसरतात हे मी नऊ वर्षांत एकदाही तपासलं नाही. सरांना हे माहीत होतं. ते बोलले नाहीत. मी सरांवर जे बोलले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत, म्हणून हेही सगळ्यांनी ऐका. काजलने मान खाली घातली होती. मग एकाने हात वर करून विचारलं की मॅडम, परीक्षेत नक्की कोणती पद्धत वापरायची, आणि बाकीच्यांनी वह्या उघडल्या. मी म्हटलं, फुली टाका, आणि मधला आकडा ज्याच्या जवळ ते जास्त, हे बघून मगच पर्याय निवडा. त्यांनी लिहून घेतलं. पुढचं गणित घेतलं.

पोरांना सांगणं तसं सोपं गेलं, सर. अवघड जे होतं त्याची वेळ निघून गेली आहे. मी तुम्हाला तसं बोलले त्या दिवसानंतर तुम्ही एकवीस दिवस रोज त्याच ऑफिसात येत होतात. तीन शनिवार माझ्यासमोर बसून पर्याय वाचलेत, आणि मी टिक करत होते. चूक तुमची नव्हती हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण तुमच्याशी तसं बोलायला नको होतं, एवढं म्हणायला चूक कुणाची हे माहीत असायची गरज नव्हती.